एकवीस पायऱ्या आणि सोन्याची पालखी

एका राज्यात म्हाताऱ्या माणसाला चालू देणं हा मोठा अपमान समजत. साठी उलटलेला माणूस नुसता उठायला लागला, की घरभर एकच गलका व्हायचा, "अहो, बसा बसा! आम्ही काय मेलो का?" असं ते प्रेमळ राज्य! तिथं सुकेतु नावाचा राजा होता, आणि रेणुवती त्याची राणी.

राजाच्या साठीशांतीला घोरपाद नावाचा मांत्रिक दरबारात आला. सोबत सोन्याची पालखी.

"महाराज, भेट स्वीकारावी," मांत्रिक म्हणाला. "बदल्यात एक वचन द्यावं. आपण हजार पौर्णिमा पाहाल, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा होईल, त्या दिवशी सिंहासनाच्या एकवीस पायऱ्या आपल्या पायांनी चढाव्यात. न चढलात, तर सिंहासन माझं. प्रजेची पाखरं करून मी पिंजऱ्यात घालीन."

राजा खो खो हसला. त्या पायऱ्या तो दिवसातून दहादा चढत होता. "दिलं वचन!" तो म्हणाला. आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

कारण पालखी शापित होती. बसणाऱ्याच्या पायांतलं बळ रोज गुंजभर तिच्यात उतरे, आणि तेवढंच सोनं झळाळे. राजा बागेत निघाला की पालखी, जेवायला निघाला की पालखी. राणीचा नवऱ्यावर भारी जीव. ती त्याला हातानं भरवी, मऊ म्हणून पेजच पाजी, पाय खाली टेकला की ओरडे. पाहणारे म्हणत, सेवा करावी तर रेणुवतीनं! अशी वीस वर्षं गेली. मग एकविसावंही सरत आलं. सहस्रचंद्राला तीन महिने उरले, आणि राजाला पलंगावरून आपलं आपण उठता येईना.

राणीच्या तोंडचं पाणी पळालं. ती बागेतल्या वडाखाली जाऊन हमसून हमसून रडली. वडावर एक धनेश पक्षी राही. वय तीनशे वर्षं, चोच मोठी, आणि बोलणं त्या चोचीला शोभेल असं.

"रडून पाय येत असते, तर एव्हाना तुझ्या नवऱ्याला आठ फुटले असते," धनेश म्हणाला.

राणीनं डोळे पुसले. "पक्षिराज, उपाय सांगा. माझा प्राण मागा."

"तुझा प्राण घेऊन मी काय करू? तीन कामं सांगतो. करशील?"

"करीन."

"पहिलं काम. राजाच्या सात वैद्यांच्या सात झोळ्या एका परातीत उलट्या कर."

राणी दचकली. एका वैद्यानं दुसऱ्याची झोळी पाहू नये, पाहिली तर त्याच्या विद्येचा अपमान होतो, अशी त्या राज्याची रीत. पण शब्द दिला होता. तिनं सातही वैद्यांना वडाखाली बोलावलं. आधी रुसवेफुगवे झाले, एकानं तर पागोटंच उतरवून ठेवलं. शेवटी राणीनं स्वतः झोळ्या उपड्या केल्या.

परातीत चौदा पुड्या पडल्या. वैद्य पाहतच राहिले.

"ही झोपेची पुडी माझी," एक म्हणाला.

"झोपेची तर मीही देतो!" दुसरा म्हणाला.

तिसरा खाली मान घालून म्हणाला, "महाराजांना भोवळ येते म्हणून मी भोवळीची देत होतो. ती भोवळ तुमच्या दोन पुड्यांची होती तर!"

चौथ्याची पुडी भोवळीच्या पुडीनं बिघडलेल्या पोटासाठी होती. राणीला वाटलं, उचलावी परात आणि द्यावी विहिरीत फेकून. पण वरून धनेश ओरडला, "खबरदार! ज्यांनी बांधल्या, त्यांनाच सोडवू दे." मग सात वैद्य जन्मात पहिल्यांदा एका सतरंजीवर बसले. चार दिवस बसले. त्यांनी राजाची नाडी पाहिली, डोळे पाहिले, जेवणखाण विचारलं. एकेक पुडी बेतानं कमी करत चारच ठेवल्या. पंधरवड्यात राजाचे डोळे निवळले. "राणी," तो म्हणाला, "ही पेज किती बेचव आहे गं!" राणीला इतका आनंद झाला, की तिनं त्याच दिवशी मुगाचं घट्ट वरण, भात आणि वर सायीचं दही वाढलं.

"दुसरं काम," धनेश म्हणाला. "पालखीला कुलूप घाल. राजानं रोज चालत यावं आणि मला वडाचं फळ भरवावं."

"पक्षिराज, वडावरच बसून फळ खाली मागता?"

"म्हातारा आहे मी. लाड करून घेतो."

पहिल्या दिवशी राजा चार पावलं चालला आणि खांबाला धरून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. राणीनं विचारलं, "दुखतं का?"

"दुखत नाही. भीती वाटते." राजानं आवाज खाली आणला. "स्नानगृहात दोनदा पडलोय मी. कुणाला सांगितलं नाही. राजा पडला म्हणून कसं सांगायचं?"

राणीनं खाली पाहिलं. तिच्याच हुकमानं महालाची फरशी रोज तेलानं चकचकीत होत होती! तिनं घासणारे थांबवले, फरशीवर खरखरीत घोंगड्या अंथरवल्या, स्नानगृहापासून सिंहासनापर्यंत भिंतीला आणि पायऱ्यांना लाकडी कठडे ठोकवले. दरबारी नाकं मुरडत होते. मुरडोत बापडे! राजा कठडा धरून चार पावलांची दहा करू लागला. दहाची शंभर झाली. दोन महिन्यांनी त्यानं वडापाशी जाऊन धनेशाच्या चोचीत फळ घातलं. पक्षी म्हणाला, "उशीर केलास. पिकून गेलं." राजा हसत सुटला.

"आता तिसरं काम," धनेश राणीला म्हणाला. "त्या दिवशी तुझे हात पाठीशी ठेव. तो मागेपर्यंत देऊ नकोस."

"एवढंच?"

"करून बघ."

सहस्रचंद्राचा दिवस उजाडला. दरबार खच्चून भरला. घोरपाद पिंजरा घेऊन आला होता. राजानं कठडा धरला आणि पहिली पायरी चढला. पाच झाल्या, दहा झाल्या. सतराव्या पायरीवर त्याचा उजवा पाय लटलटला. अख्खा दरबार "अरे अरे" करत उठला. राणीचा हात आपोआप पुढे निघाला. तिनं तो दुसऱ्या हातानं मागे ओढला आणि घट्ट धरून ठेवला. इतक्या वर्षांत तिनं त्याच्यासाठी जे जे केलं, त्यात हे सगळ्यात अवघड होतं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

राजा पायरीवर बसला.

"हरला! हरला!" घोरपाद नाचू लागला.

"मांत्रिका," राजा दम घेत म्हणाला, "चढायचं ठरलं होतं. बसायचं नाही, असं कुठं ठरलं होतं?"

राजानं सावकाश दहा श्वास घेतले, कठडा धरून उठला आणि उरलेल्या चार पायऱ्या चढून सिंहासनावर बसला. त्या क्षणी कुलुपातल्या पालखीचा भुसा झाला. मांत्रिकाची विद्या उतरली, आणि तो पिंजरा टाकून जो पळाला, तो सीमेपार जाईतो थांबला नाही. दरबारात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"राणी," राजानं हाक मारली, "वर ये. माझ्याशेजारी बैस."

राणीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, आणि तिचा गुडघा कटकन वाजला. तिचीही आता सत्तरी उलटून गेली होती, पण राजाच्या सेवेत ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. सात वैद्यांपैकी एकानंही कधी तिची नाडी पाहिली नव्हती, आणि तिनंही कधी पुढे केली नव्हती. धावून हात धरायला दासी सरसावल्या. राजानं त्यांना थांबवलं.

"रेणुवती," त्यानं विचारलं, "हात देऊ का?"

त्या राज्यात म्हाताऱ्या माणसाला असं विचारलेलं कुणी ऐकलं नव्हतं. राणीनं जरा विचार केला.

"निम्म्या पायऱ्या माझी मी येते," ती म्हणाली. "मग द्या."

राजा कठडा धरून दहा पायऱ्या खाली उतरला आणि तिची वाट पाहत उभा राहिला. ती दोघं जशी वर पोहोचली, तशी तुम्हीआम्ही सगळी पोहोचू या.