मागचे आसन

“…मग माझं चुकलं तरी कुठं, बुवा?”

इंद्रजितने तोच प्रश्न पुन्हा विचारला. दौलतबुवा मठाच्या ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. त्यांची दृष्टी जाऊन बरीच वर्षे झाली होती. बोटे चिंचोका नेमका शोधून बाजूला टाकत होती.

“अंबादास काय म्हणाला, तेवढं सांग.”

“म्हणाला, ‘याच्यामागे मी बसणार नाही.’ सायकलीवरून उतरला आणि काठी टेकत चालता झाला.”

अंध मुलींच्या वसतिगृहासाठी निधी उभारावा म्हणून घाटमाथ्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत सायकलयात्रा निघायची होती. प्रत्येक जोडसायकलीवर पुढे एक डोळस, मागे एक अंध. पायडल दोघांनी मारायचे. इंद्रजितचा जोडीदार अंबादास अंधगृहात खुर्च्यांचे वेत विणत असे. इंद्रजित पथकातला सर्वांत तयार सायकलपटू. परंतु जोडीदाराविना यात्रेत कोणालाही प्रवेश नव्हता, आणि निघायचा दिवस आठवड्यावर आला होता.

“सराव कमी पडला का?”

“उलट! त्याला घेऊन खंबाटकीचा घाट चढलो. एक खड्डा लागू दिला नाही. बाकीचे सारखे ओरडत असतात, खड्डा आला, वळण आलं, ब्रेक दाबतोय… मी एक शब्द न बोलता वर नेला त्याला. अंगाला धक्का नाही.”

“पोत्यालाही बसला नसता.”

इंद्रजितचा चेहरा उतरला.

“पोत्याला इतकं कोण जपतं, बुवा?”

बुवांनी हात झटकले. “सायकल आणली आहेस?”

“दाराशी आहे.”

“चल.”

मठ धरणाच्या काठी होता. उन्हाळ्यात पाणी फार मागे सरके आणि तळाची सपाट जमीन उघडी पडे. तिच्यावर झाड नव्हते, माणूस नव्हता. बुवांनी धोतर खोचले आणि सायकल हातांनी चाचपली. मागच्या आसनावरून त्यांचा हात पुढे गेला आणि पुढच्या हँडलवर स्थिरावला.

“बुवा, ते पुढचं आसन आहे.”

“कळलं मला.”

“आपल्याला दिसत नाही.”

“तुला दिसतं ना? मग बस मागे.”

डोळे होते तेव्हा बुवा सायकलीनेच गावोगावी कीर्तनाला जात, हे इंद्रजितने ऐकले होते. तरीही तो क्षणभर घुटमळला… आणि मागे बसला.

समोर फक्त बुवांची रुंद पाठ होती. मागच्या हँडलला ब्रेक नसतो. हे त्याला ठाऊक होते. आज ते त्याच्या हातांना कळले.

सायकल डगमगली, सावरली, निघाली.

“बोल,” बुवा म्हणाले.

“डावीकडे… डावीकडे घ्या, दगड आहे! आता सरळ. पुढे भेग आहे… हळू, बुवा, हळू!”

बुवा तसतसे वळत होते. दगड संपले. जमीन नितळ झाली. इंद्रजितने सुटकेचा श्वास टाकला आणि तो गप्प झाला.

काही क्षण गेले.

बुवांनी एकदम ब्रेक दाबला.

“काय झालं?” इंद्रजित दचकला.

“तू कुठं गेलास?”

“मी इथंच आहे, मागे.”

“मला कसं कळावं?”

“पण सांगण्यासारखं काही नव्हतंच. पुढे सगळं मोकळं होतं.”

“हे मला सांगितलंस?”

इंद्रजितने हँडल पुन्हा धरले.

बुवांनी पुन्हा पायडल मारले.

“मोकळं आहे, बुवा,” इंद्रजित म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. “सगळं मोकळं आहे. लांब पाण्याची कड दिसते आहे. उजवीकडे एक टिटवी पळते आहे… उडाली. जमीन पुढे जरा काळी आहे, पण सपाट आहे.”

बुवांची पाठ सैल झाली. पायडलवर त्यांचा जोर वाढला, तो त्याला आपल्या तळपायांत जाणवला. खंबाटकी चढताना आपल्या पायांखाली अंबादासचे पाय जाणवत होते का, ते त्याने आठवून पाहिले… आठवेना.

“पाणी जवळ आलं. थांबू या.”

दोघे उतरले.

“बुवा, मी आजच जातो त्याच्याकडे. माफी मागतो. बसेल का तो पुन्हा?”

“ते त्याचं त्याला ठरवू दे.”

“बसला, तर किनाऱ्यापर्यंत एक क्षणही गप्प राहणार नाही मी. वाट सांगेन, झाडं सांगेन. समुद्र दिसला, की…”

बुवांनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

“तिथं मात्र गप्प राहा. समुद्र आला, हे वाऱ्यावरून अंबादास तुला सांगेल.”