बोरगव्हाणचे उद्याचे तळे

पायरीवर बसा. त्या चिंचेखालच्या चौथऱ्यावर आम्ही बसत नाही. तळ्याच्या या काठाला दाटलेला बोरू दिसतो ना, तो या मुलखातला नव्हे. इराणातल्या शिराझ शहराहून एका माणसाने त्याची मुळे ओल्या फडक्यात गुंडाळून आणली, असे सांगतात.

त्याचे नाव मीर नियाज. तो कातिब होता, म्हणजे पोथ्या लिहिणारा. त्या काळच्या सुलतानाला एक फारसी प्रेमकथा चित्रांसह लिहून हवी होती. कागद दौलताबादेहून येई. कातिबाने आधी मजकूर लिहायचा, चित्रापुरती जागा कोरी ठेवायची आणि मग चिताऱ्याने रंग भरायचे. चितारी आमच्याच गावचा, सटवाजी जिनगर. त्याच्या शब्दावर नियाज सुलतानाचे शहर सोडून इथे राहायला आला. लेखणीसाठी त्याने तळ्याकाठी आपला बोरू लावला.

त्याची बायको गुलनार मात्र शिराझलाच राहिली होती. तिचे वडील नियाजचे गुरू. त्यांनीच दोघांना एका बैठकीवर अक्षर शिकवले होते. म्हातारपणी ते अंथरुणाला खिळले आणि त्यांना टाकून निघणे तिला जमेना. निघताना नियाजने तिला वचन दिले होते म्हणे, "कथेतली ताटातूट मी लिहीन. भेटीचे पान तू आल्याशिवाय लिहिणार नाही."

चार वर्षांत पोथी झाली. एक पान तेवढे राहिले. सुलतानाला कळले तेव्हा तो म्हणाला, "थांबू." पण वाट किती पाहायची? वाटेवर लढाया सुरू झाल्या आणि पत्रे येईनाशी झाली. दाभोळ बंदरात गलबत लागल्याची बातमी आली की नियाज घाटवाटेच्या तोंडाशी जाऊन उभा राही. दिवस मावळला की परत येई.

सातव्या वर्षी त्याची नजर गेली. बारीक अक्षराने डोळे खाल्ले, असे वैद्य म्हणाला. घाटाकडे बघत रडून गेले, असे बायका म्हणत.

मग दरबाराने पान पुरे करायला दुसरे कातिब धाडले. एकामागून एक तिघे आले. नियाज चिंचेखालच्या चौथऱ्यावर शेजारी बसून त्यांचा बोरू कागदावर कसा करकरतो ते ऐके. दोन शब्द होताच हात जोडून म्हणे, "अक्षर सुंदर असेल, बाबा. पण हे पान तुमचे नाही." तिघेही मानाने परत गेले.

अकराव्या वर्षी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एक धुळीने माखलेली बाई गावात आली. वडिलांना माती देऊन ती निघाली होती. सटवाजीने तिला चौथऱ्याशी आणले. नवऱ्याचे पांढरे डोळे पाहून तिच्या तोंडून शब्द फुटेना. नियाजला वाटले, चौथा कातिब आला. "लिहा," तो म्हणाला.

ती बसली. तिने बोरू शाईत बुडवला आणि पहिला शब्द लिहिला. जोडायला उचललेले नियाजचे हात हवेतच थांबले.

"गुलनार," तो म्हणाला, "नून अक्षराच्या वळणाला तू अजून घाई करतेस. उस्ताद किती रागवायचे!"

सटवाजी उठून तळ्याच्या पलीकडे गेला. त्या दोघांचे पुढचे बोलणे कुणी ऐकलेले नाही.

पानावर बारा ओळी यायच्या होत्या. नियाजला त्या तोंडपाठ होत्या. पण रोज तो एकच ओळ सांगे आणि ती लिही. बाकीचा दिवस अकरा वर्षांचे सांगण्यात जाई. अकरावी ओळ झाली तेव्हा गुलनारने विचारले, "शेवटची आत्ताच लिहू या का?"

"उद्या लिहू," तो म्हणाला.

सकाळी तो उठला नाही.

दरबाराचा माणूस पोथी न्यायला आला. बारावी ओळ गुलनारलाही पाठ होती. माणसाने विनवले, मग जरब दाखवली. ती एवढेच म्हणाली, "त्यांनी उद्या म्हटलंय." पोथी तशीच गेली. जाण्यापूर्वी सटवाजीने त्या पानावर चित्र काढले होते, पण त्या ओळीच्या जागेला रंग लागू दिला नव्हता. गुलनार पुढे वीस वर्षे याच गावात जगली. कुणी 'शिराझला पोचवू का' म्हटले की घाटाकडे तोंड करून म्हणे, "उद्या बघू." त्यावरूनच या तळ्याला उद्याचे तळे म्हणतात.

आजही बोरगव्हाणचा माणूस परगावी पत्र धाडतो तेव्हा खाली एक ओळ कोरी सोडतो. लग्नाच्या पत्रिकेतही सोडतो. तालुक्याचा छापखानेवाला नवा असला की हटकून विचारतो, "इथं काही छापायचं राहिलं का?" आमची माणसे सांगतात, "राहू द्या. ती उद्याची आहे."