बुरुडणीचा आडोसा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा नद्यांवर पूल नव्हते आणि दारांना कुलपं नव्हती. बाळांनो, नीट ऐका. बाळांच्या आयांनो, तुम्ही हातातलं काम चालू ठेवा, पण कान इकडे द्या.

एका राज्यात नदीकाठी एक गाव होतं. तिथल्या राजाने कारागिरांना राहायला जुळी घरं बांधून दिली होती. जुळी म्हणजे कशी? आढं एक, कौलं एक आणि मधोमध एक भिंत. भिंतीच्या अल्याड एक संसार, पल्याड दुसरा. पुढचे ओटे वेगळे, चुली वेगळ्या. मागचं परस मात्र दोन्ही घरांत मिळून एकच.

अशाच एका जुळ्या घरात अल्याड बुरूड राहायचा आणि पल्याड कुंभार.

बुरुडाची बायको नदीपलीकडच्या डोंगरातली, कळकाच्या, म्हणजे बांबूच्या, बनातली. तिच्या हाताला मोठी कला होती. सूप, रवळी, परडी तर ती बोलता बोलता विणायची. पण तिची खरी ख्याती होती ती तट्ट्यांची, कळकाच्या उभ्या पडद्यांची. गावात कुणाची लेक बाळंतपणाला आली की बुरुडणीला निरोप जायचा, बाळंतिणीला आडोसा हवा. नव्या सुनेला न्हायला जागा नाही, बुरुडणीला सांगा. राणी नदीवर स्नानाला यायची, तो घाटावरचा आडोसासुद्धा तिनेच विणलेला. अशी दाट वीण की वारा आत जाईल, नजर जाणार नाही.

आणि तिला स्वतःला? पुढच्या ओट्यावर सासरा आणि गिऱ्हाइकं. मधल्या खोलीत नवरा कळक फोडत बसलेला. मागे परसात कुंभारणीची मडकी, कुंभारणीची सून, नातवंडं आणि एक गाढव. साऱ्या गावाला आडोसा देणाऱ्या बाईला पदर बाजूला करून केस वाळवायला हातभर जागा नव्हती. पण माणसाचं कसं असतं, जे नाही त्याची सवय होते. तिलाही झाली होती.

मग एका वर्षी तिची आई गेली.

नदीला पूर होता, नाव बंद होती. निरोप आला तोच पंधरा दिवसांनी. तोवर तिकडचं सगळं आटपलं होतं. आईचं तोंड पाहिलं नाही, पाय शिवले नाहीत. सासरी तीन दिवसांचं सुतक धरलं, चौथ्या दिवशी न्हाणं झालं, पाचव्या दिवशी घाऊक टोपल्यांचं काम आलं. ती विणत बसली.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. तिच्या डोंगरात रीत अशी की कुणाकडे दुःख झालं की बायका न विचारता घरात शिरतात, गळ्यात पडतात आणि आधी स्वतःच रडायला लागतात. मग जिचं दुःख, तिचंही आपोआप वाहतं. बुरुडीण तशी वाट बघत राहिली. आज कुणी येईल, उद्या येईल. कुणी आलं नाही. तिने मनाशी म्हटलं, या गावची माणसं म्हणजे नुसते नदीतले गोटे. आणि तिचं रडू जे अडकलं, ते कळकाचं कुसळ बोटात अडकावं तसं. वरून दिसत नाही, आतून ठसठसतं.

मग ती दुपारी परसात जायला लागली. सगळे जेवून कलंडले की मोरीपाशी केळीच्या सावलीत जाऊन बसायची. म्हणायची, आता रडेन. पण ती टेकली न टेकली तोच पल्याडचं दार वाजायचं आणि म्हातारी कुंभारीण एक मडकं घेऊन बाहेर यायची. समोर फतकल मारायची आणि मडकं थापटत राहायची. टप, टप, टप. बोलणं नाही, विचारणं नाही. मधूनच एकदा मान वर करून बघायची, की पुन्हा टप टप. बुरुडीण तशीच उठून आत जायची.

एक दिवस नाही, दोन दिवस नाही. दोन महिने असं चाललं. बुरुडणीची खातरी झाली की म्हातारी पाळत ठेवते.

तेव्हापासून तिला एकच ध्यास लागला. आपलं असं परस हवं. चारी बाजूंनी बंद, हिरवंगार आणि फक्त आपलं. विणता विणता ती तेच बघायची. इकडे जाईचा वेल, तिकडे केळी, मधे बसायला एक शिळा. त्या शिळेवर बसून आपण आईसाठी पोटभर रडतो आहोत. तहानलेल्याला पाणी दिसावं तसं तिला ते दिसायचं. ताटावर बसलेली असली तरी घास हातात राहायचा.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो हसला. राणीसाहेबांचा आडोसा विणून विणून आमच्या घरात पण एक राणी झाली म्हणाला. पण माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याच दिवशी बनातून चाळीस लांब कळक घेऊन आला.

परस सामाईक होतं, म्हणून ती विचारायला गेली. कुंभारणीची सून तोंडाची फटकळ. ती म्हणाली की अर्ध्यावर तट्टी आली तर आमची मडकी काय डोक्यावर वाळवायची? म्हातारी मात्र बुरुडणीच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू ती आणखी काही बोलेल म्हणून थांबली होती. बुरुडीण काही बोलली नाही. तेव्हा म्हातारी एवढंच म्हणाली, "बांध गं. तुला हवा आहे ना आडोसा, मग बांध."

आणि बुरुडणीने काय बांधलं म्हणता! तसं परस त्या राज्यात कुणी पाहिलं नव्हतं.

मधोमध सुतळी धरून रेघ आखली आणि पुरुषभर उंचीची तट्टी उभी केली. पश्चिमेला उंच, म्हणजे दुपारचं ऊन लागू नये. पूर्वेला कमरेएवढी, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन आत यावं. तिकडे नदीच होती, बघणारं कुणी नव्हतं. तट्टीच्या बुडाशी जाई लावली आणि जाईच्या शेजारी गोकर्ण, कारण जाई वर चढून फुलते आणि खाली उघडी पडते. मोरीच्या पाण्याला पाट काढून ते केळीला आणि अळूला दिलं. कोपऱ्यात सोनचाफा, पायाशी मरवा आणि गवती चहा. नवऱ्याने आणि दिराने नदीतून एक सपाट शिळा ओढत आणली, तिच्याभोवती बारीक गोटे पसरले. पावसाळा आला आणि गेला, तोवर सगळं हिरव्या खोलीसारखं झालं. छप्पर तेवढं आभाळाचं.

कळकाला पाठ असते आणि पोट असतं. पाठ चकचकीत, पोट खरबरीत. तट्टीची चकचकीत बाजू तिने आपल्याकडे ठेवली होती. पल्याडून कुंभारणीच्या सुनेचा आवाज आला, की बघा, चांगलं तोंड स्वतःकडे आणि कुसळं आमच्याकडे. म्हातारीने तिला गप्प केलं.

मग एके दुपारी बुरुडीण शिळेवर जाऊन बसली. कुणी नव्हतं. दार वाजलं नाही, टप टप नाही. तिने पदर खाली सोडला, केस मोकळे केले, डोळे मिटले आणि वाट पाहिली.

रडू आलं नाही.

तिला वाटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी बसली, आठव्या दिवशी बसली. आईचं नाव घेतलं. आईच्या हाताचा वास आठवला, कुळथाचं पिठलं घोटणारा हात. रडू जवळ यायचं आणि तिथेच थांबायचं. जाईला कळ्या आल्या, फुलल्या, गळून शिळेवर सडा पडला. ज्या जागेसाठी जीव टाकला होता ती जागा मिळाली, आणि ज्यासाठी जागा हवी होती तेच येईना. ती आता आधीपेक्षा जास्त झुरायला लागली. कशासाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. कधी कधी तर ती तट्टीला कान लावून बसायची आणि मग स्वतःचाच राग येऊन उठायची.

असे सहा महिने गेले. एकदा तिच्या ध्यानात आलं की चार दिवस झाले, पल्याड म्हातारीचा आवाज नाही. सून ओरडते आहे, पोरं भांडताहेत, गाढव ओरडतंय. म्हातारी नाही.

पूर्वी असतं तर परसातून चार पावलांत गेली असती. आता वाट नव्हती, तिने स्वतःच बंद केली होती. म्हणून पुढच्या दाराने ओट्यावर आली, गल्लीत उतरली आणि पाहुण्यासारखी कुंभाराच्या दारात उभी राहिली.

आत माणसांची गर्दी. चाकावर म्हातारीचा लेक कुंभार, मडकी घ्यायला आलेल्या दोघी-तिघी बाया, पाच नातवंडं. कोपऱ्यात बाजेवर म्हातारी तापाने फणफणलेली. बुरुडीण जवळ गेली तशी म्हातारीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "तुझा कडवा घास राहून गेला गं पोरी. त्याचीच मला चुटपुट लागली."

बुरुडणीला काही कळेना. तेव्हा सून चुलीपाशी बसूनच बोलली. दोन महिने सासूबाई रोज जास्तीची भाकरी आणि पिठलं करून झाकून ठेवायच्या, म्हणाली. तुम्ही परसात दिसलात की थापून झालेलं कच्चं मडकं उचलून बाहेर यायच्या. थापलेलं मडकं पुन्हा कुणी थापटतं का? सगळी मडकी वाकडी झाली, एकही खपलं नाही. आणि भाकरी रोज संध्याकाळी गाढवाला. आमचं गाढव त्या दोन महिन्यांत जेवढं मस्तावलं तेवढं कधी मस्तावलं नव्हतं.

आलेल्या बायाही हसल्या. म्हातारीसुद्धा हसली आणि हसता हसता खोकली. मग हळूहळू बोलली.

"आमच्या गावात दुःखाला आधी हाक मारत नाहीत. खपली ओढल्यासारखं होतं. आपण नुसतं जवळ जाऊन बसायचं. जिचं दुःख तिने आधी तोंड उघडायचं, मग आपण कडवा घास भरवायचा. मी रोज यायची. वाटायचं, आज बोलेल."

"आमच्याकडे न विचारता येऊन गळ्यात पडतात," बुरुडीण म्हणाली. "मी तुमची वाट बघत होते मावशी."

"आणि मी तुझी."

एवढं झालं आणि बुरुडीण रडली. गिऱ्हाइकांसमोर, पोरांसमोर, चाक फिरत असताना, डोक्यावरचा पदर कुठे गेला याची शुद्ध नाही, अशी रडली. आईसाठी रडली, पुरासाठी रडली, न मिळालेल्या नावेसाठी रडली. कुणी बघतंय का हे तिने पाहिलं नाही. कुणी बघतही नव्हतं. कुंभाराने नजर चाकावरच ठेवली होती, बाया मडकी वाजवून बघत होत्या, आणि फटकळ सुनेने न बोलता तवा चुलीवर ठेवला होता. भाकरी झाली, पिठलं झालं. म्हातारी उशीला टेकून बसली आणि आपल्या हाताने तिने बुरुडणीला घास भरवला.

म्हातारीचा ताप उतरला. बुरुडणीने सुताराला बोलावलं आणि तट्टीत एक दिंडी, म्हणजे छोटं दार, बसवायला सांगितली. तट्टी मोडणार नाही म्हणाली. बाईमाणसाला आडोसा लागतोच. तो मागितला यात माझं काही चुकलं नाही.

सुताराने दिंडी बसवली आणि कडी हातात घेऊन विचारलं, "वहिनी, कडी तुमच्या बाजूला ना?"

"नाही," बुरुडीण म्हणाली. "पलीकडून बसवा."

सुतार म्हणाला की तीस वर्षं दारं करतोय, स्वतःच्या परसाची कडी शेजाऱ्याकडे ठेवणारं गिऱ्हाईक पहिलंच. पुन्हा एकदा विचार करा. तिने विचार केला होता. कडी पलीकडून बसली.

त्यानंतर तीन वर्षं म्हातारी हवं तेव्हा ती कडी काढून यायची आणि जाईखाली शिळेवर बसायची. कधी दोघी बोलायच्या, कधी नाही. मग एका थंडीत म्हातारीही गेली. बुरुडीण सुतक नसतानाही तेरा दिवस विणायला बसली नाही.

कडी वाजेनाशी झाली. अलीकडून दिंडी उघडत नव्हती, आणि बुरुडणीने ती कधी ढकलूनही पाहिली नाही. सोनचाफा फुलला तशी ती शिळेच्या एका कडेला बसायला लागली. दुसरी कडा मोकळी ठेवायची. कान कडीकडे असायचे. दिवस गेले, महिना गेला.

आणि एका दुपारी कडी निघाली. दारात कुंभारणीची सून उभी होती. तोंड फिरवलेलं, डोळे लाल, आणि त्या फटकळ बाईच्या तोंडून एक शब्द फुटत नव्हता. बुरुडणीने काही विचारलं नाही. उठून तिच्या गळ्यात पडली आणि आधी आपणच रडायला लागली.

म्हणून सांगते बाळांनो, आडोसा जरूर असावा. पण त्याची कडी आपल्या माणसाच्या हाताला लागेल अशी असावी.