बारा रोपांची रांग

“मग हे गवत नाही, तर आहे तरी काय?”

प्रल्हाद जवळजवळ ओरडलाच. मठाच्या कुंडाकाठी उभा, केस ओले, अंगावर कोरी पांढरी लुंगी.

मी कुंडावर कळशी भरत होते. खरं सांगायचं तर कळशी केव्हाच भरली होती. मठाच्या भिंतीला आमची भिंत; कानावर पडतं त्याला माझा काय इलाज?

खेमनाथबाबा पायरीवर बसून सुपारी कातरत होते.

“ते तू सांगायचं,” ते म्हणाले. “आठ महिन्यांपूर्वी बारा रोपं हातात दिली. ओळखलीस, की दीक्षा. असंच ठरलं होतं ना?”

“ओळखलं की! शोभेचं गवत. बुटकी जात, पिवळ्या काठाची. शेतकी कॉलेजात शिकलोय मी, बाबा. पुस्तकात बघितलं. फोनमध्ये फोटो घालून बघितला. फोनही गवतच म्हणतो.”

“मग दीक्षा फोनला देऊ?”

मी पदर तोंडाला लावला.

“गवताला पेरं असतात,” बाबा म्हणाले. “ह्याला दाखव.”

प्रल्हाद काठच्या रोपांच्या रांगेवर वाकला. पेर कुठंच नव्हतं. पाती एकमेकींच्या कुशीतून निघून पंख्यासारखी चपटी पसरलेली…



रोपं मात्र त्यानं जपली होती, हे मी कुणासमोरही सांगेन. वैशाखात कुंड आटलं, तेव्हा पार खालच्या विहिरीवरून खांद्यावर पाणी आणून बुडाचा चिखल ओला ठेवला. एक पातं करपू दिलं नाही. कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःही लावला नाही. माझी शेळी तिकडं नुसती वळली तरी हा काठी घेऊन उभा.

तरी तिनं एकदा चोरून तोंड घातलंच होतं, आणि लगेच काढलंही होतं. तिच्या तोंडाला आला तो वास दोन बाळंतपणं काढलेल्या बाईला सांगावा लागत नाही. आताही नाव माझ्या जिभेवर होतं. बोलणार, तोच बाबांनी माझ्याकडं पाहिलं.

मी गप्प बसले. जन्मात पहिल्यांदा.

“आणि ही आंघोळ कुणी सांगितली तुला?” त्यांनी प्रल्हादला विचारलं.

“दीक्षेला ओल्या अंगानं बसतात. म्हणून पहाटेच…”

“ती मी सांगतो तेव्हा करायची.”

त्याचे कान लाल झाले.

“आठ महिने, बाबा! आठ महिने चिखलात गुडघे रोवले. आणि तुमचं आपलं नाही, नाही, नाही. नाही तर नाही!”

त्यानं पहिलंच रोप मुठीत धरलं आणि उपटलं. पाती चुरगाळली. मुळी कडकन मोडली. फेकायला हात उगारला…

हात तसाच राहिला.

मग सावकाश त्यानं मूठ नाकाशी नेली.

“वेखंड,” तो म्हणाला. आवाज एकदम लहान झाला होता. “आई सहाणेवर उगाळायची… धाकटीच्या गुटीत.”

“हं.” बाबांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. “आणि उरलेली अकरा?”

“तीही वेखंडच.”

“कशावरून? मघाशी बाराही गवत होती.”

प्रल्हाद रांगेकडं बघत राहिला.

“उपट. मोड. हुंग,” बाबा म्हणाले. “अकराही सांग, आणि दीक्षा घे.”

तो चिखलात गुडघे टेकून वाकला. दुसऱ्या रोपाच्या बुडाशी बोटं नेली. रोप जरासं हललं…

त्यानं हात काढून घेतला. उठला. लुंगी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. बाबांच्या डोळ्याला डोळा भिडवला.

“नाही.”

“काय नाही?”

“नाही उपटणार. एक मोडलं तेवढं पुरे. ही अकरा कोण आहेत, मला माहीत नाही. नको मला तुमची दीक्षा. पण उद्या ह्यांना पाणी मीच घालणार. अडवून दाखवा!”

बाबांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. माझी कळशी कलंडली, पाणी पायऱ्या उतरत कुंडात गेलं.

बाबा उठले. त्याच्या मुठीतून मोडकी मुळी सोडवून घेतली. कोंबाचा डोळा असलेला तुकडा रिकाम्या जागी खोचला आणि अंगठ्यानं चिखल दाबला.

मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“जा,” ते म्हणाले. “आंघोळ करून ये.”