शेंगेची शिवण

लग्नानंतरचं माझं पहिलं हळदीकुंकू. बोलावायच्या बायकांची नावं सासूबाईंनी मधे स्वल्पविराम देत सलग टाइप केली होती. ती सुटी करून प्रत्येकीला नावानिशी निमंत्रण धाडायचं काम मोठ्या दिरांनी, हेरंबभाऊजींनी, मागून घेतलं. ते कंपनीत इतरांना कोड शिकवतात. त्यांनी मजकुरातून नावं हुडकून काढणारं, कंसांनी भरलेलं लांबलचक सूत्र, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, लिहिलं आणि शैलामावशींच्या जागी 'श', 'ल', 'म', 'वश' बाहेर पडले.

"या चौघी कोण?" सासूबाई गोंधळल्या. मीही.

"काना-मात्रा आली की तुटतंय," भाऊजी पुटपुटले. "अजून एक कंस घालतो."

एखादं नाव हुकलं, तर बोल नव्या सुनेलाच लागणार होता. "नुसतं स्वल्पविरामावर तोडलं तर?" मी विचारलं.

"ते शाळेतली पोरं करतात, ऋजुता."

मी मटार सोलत होते. एक शेंग त्यांना दिली. "एवढी उघडता?"

त्यांनी शिवणीवर अंगठा दाबला. दाणे ताटात पडले.

"शिवण दिसली म्हणून सुरी मागितली नाहीत ना, भाऊजी? आईंनीही शिवण घालूनच दिलीय."

भाऊजींनी कंस पुसले. कोडच्या एका ओळीत नावं सुटी झाली.

सासूबाई मात्र अजून विचारातच. "मग त्या चौघींना बोलवायचं नाही ना?"