खिंडीतलं कुंपण

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याला कुसळगाव नावाचं एक गाव वसलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला मोठा माळ होता. माळाच्या मधोमध एक तळं होतं आणि अगदी वरच्या टोकाला एक अरुंद खिंड होती. खिंडीपलीकडे नुसता खडकाळ उतार.

गावाची गुरं माळावर चरायची आणि तळ्यावर पाणी प्यायची. दिवाळी सरली की खिंडीतून मेंढपाळ यायचे. गावकऱ्यांनी गवत कापून नेल्यावर जे उरे ते त्यांची मेंढरं खात, आणि संध्याकाळी ती गावाच्या शेतांत बसवली जात. त्या लेंडीखतावर पुढचं पीक उभं राहायचं. असं किती पिढ्या चाललं होतं कुणास ठाऊक. कुणी त्याचा फारसा विचारही केला नव्हता.

मग एका वर्षी पाऊस फसला. तळ्याचा तळ दिसू लागला, माळ उघडा पडला. त्या उन्हाळ्यात गावात येसू नावाच्या मुलीच्या घरची गाय बसली ती उठलीच नाही. येसूने गोठ्याच्या छपरातलं जुनं काळं गवत ओढून तिच्या तोंडाशी धरलं. गाईने ते नुसतं हुंगलं आणि मान टाकली.

तेव्हापासून येसूच्या मनात धास्ती बसली. सकाळी उठली की आधी ती आभाळ बघायची. आई गुरांना वैरण टाकायला निघाली की म्हणायची, "आई, थोडी कमी टाक."

गावाच्या शाळेत मथुराआक्का शिकवायच्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच अक्षरं गिरवायला लावली होती. त्या दुष्काळानंतर त्यांनी मोठ्या मुलांना बसवलं आणि सांगितलं, "माळावरून आपण जेवढं घेतो, तेवढं परत उगवायला हवं. आज आपण सगळं ओरबाडलं, तर उद्या तुमच्या मुलाबाळांनी काय करायचं?"

येसूने तो धडा मनाशी घट्ट धरला. तिला त्यातून एकच गोष्ट उमगली. खाणारी तोंडं जितकी कमी, तितकं गवत जास्त.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. गवत चांगलं वर आलं. पण गावाची भीती काही गेली नाही. पाटलांनी चावडीवर सभा बोलावली.

पाटील म्हणाले, "गेल्या साली आपण हात चोळत बसलो. औंदा तसं नको. गवत अगदी लागेल तेवढंच कापायचं, बाकीचं उन्हाळ्यासाठी उभं ठेवायचं. आणि मेंढरं माळावर घ्यायची नाहीत. खिंड बंद करा."

मथुराआक्का म्हणाल्या, "पाटील, मेंढपाळांशी एकदा बोललात का?"

"त्यांच्याशी काय बोलायचं, आक्का? ती माणसं आज इथं, उद्या तिथं. त्यांना या माळाचं काय पडलंय?"

आक्कांना हे पटलं नाही. पण सगळी सभा माना डोलावत होती, म्हणून त्या गप्प बसल्या.

माळाची राखण गावातल्या तरुण मुलामुलींवर सोपवली गेली आणि त्यांची पुढारी झाली येसू. त्या सगळ्यांनी बोरी-बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या आणि खिंडीत छातीएवढं काटेरी कुंपण घातलं. येसूने ते दोन्ही हातांनी हलवून पाहिलं. जरा कुठे ढिलं वाटलं की ती आणखी फांद्या खोचायला लावायची.

दिवाळी झाली आणि मेंढपाळ आले. कळपाच्या पुढे लगमाबाई होती. येसू अगदी लहान असल्यापासून तिला ओळखत होती. लगमाबाईने तिला कितीदा तरी मेंढीचं कोवळं पिल्लू मांडीवर घ्यायला दिलं होतं. कुंपण बघून ती थबकली.

"हे काय गं, येसू?"

"औंदा मेंढरं आत घ्यायची नाहीत, मावशी. सभेत ठरलंय."

"आणि तळं?"

"तळंही नाही."

लगमाबाईने मागच्या कळपाकडे पाहिलं. "मोठ्या मेंढरांचं राहू दे. कोकरांना पाणी तरी पाजू देशील?"

येसूला तळ्याचा भेगाळलेला तळ दिसला, गाईची मान दिसली. ती म्हणाली, "एकाला सोडलं की सगळे येतील. माझ्या हातात नाही, मावशी."

"मग ज्या सभेत ठरलं, तिथं आम्हाला बोलवायचं तरी. आमचं ऐकून मग नाही म्हणायचं."

लगमाबाईने कळप वळवला. पुढे जायला त्यांच्याकडे दुसरं रान नव्हतं, म्हणून ते खिंडीपलीकडच्या खडकाळ उतारावरच पालं ठोकून राहिले. पाणी आणायला त्यांना डोंगर उतरून पार पलीकडच्या ओढ्यावर जावं लागायचं. कळपातली काही कोकरं जगली नाहीत. वारा इकडचा असला की त्यांच्या आयांचं ओरडणं माळावर ऐकू यायचं. येसू तेव्हा तळ्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसायची.

हिवाळा गेला. शेतांत मेंढरं बसली नव्हती, त्यामुळे दिवाळीनंतर उशिरा पेरलेल्या ज्वारीची ताटं बारीक राहिली आणि कणसं हलकी निघाली. माळावर मात्र गवत कमरेएवढं उभं होतं. गाव खूष होतं. "बघा, राखलं की राहतं," असं जो तो म्हणायचा.

फाल्गुनात ते सगळं गवत वाळलं. वाऱ्याबरोबर खडखड वाजू लागलं. माळावरून ते खाली उतरत थेट गोठ्यांच्या कुडापर्यंत येऊन भिडलं होतं. आता येसूची धास्ती बदलली. पूर्वी तिला गवत नसल्याची भीती वाटायची, आता असल्याची वाटू लागली. ती पाटलांकडे गेली.

"काका, गोठ्यांजवळचं तरी कापून घेऊ या. ठिणगी पडली तर काय करायचं?"

"अगं, उन्हाळा अजून सगळा पुढे आहे. आत्ताच कापलंस तर वैशाखात काय खायला घालशील? आणि एवढं कापायला माणसं कुठून आणायची?"

येसू परत आली. पण त्या दिवसापासून चुलीच्या धुराचा वास आला तरी ती दचकून बाहेर येई.

एके दिवशी दुपारी ती माळावर होती. बरोबर गुरं होती आणि गुरांमागे आलेली लहान मुलं. खाली उजव्या हाताला गावाची शेतं दिसत होती. आपल्या शेताच्या बांधावर तिचे वडील, आबा, वाळलेलं तण पेटवताना तिला दिसले. दरवर्षी ते तसं करत. धुराची एक रेघ सरळ वर गेली.

मग वारा सुटला. ती रेघ वाकडी झाली. आबा हातातली फांदी आपटत इकडून तिकडे पळताना दिसले. आणि बघता बघता माळाच्या कडेचं गवत पेटलं.

आग येसूच्या आणि गावाच्या मधे पसरत होती. खाली जायची वाट गवतातून होती आणि तिथे आधीच धूर दाटला होता. तळं जवळ होतं, पण त्याच्या काठापर्यंत गवत माजलं होतं. एक मुलगा तिचा हात ओढत विचारत होता, "ताई, कुठं जायचं? ताई, सांग ना."

"वर," ती म्हणाली. "खिंडीकडे पळा."

मुलं पळाली, मागून गुरं धावली. आगीचा तडतड आवाज पाठीशी येत होता. खिंडीत पोहोचल्यावर सगळे थांबले. समोर कुंपण होतं. त्यांनीच घातलेलं आणि येसूने पुनःपुन्हा हलवून पाहिलेलं. तिने फांद्या ओढायला सुरुवात केली. काटे तळहातात शिरले. एक फांदी निघाली, पण तिच्यामागे दुसरी घट्ट गुंतलेली होती. लहान मुलं रडायला लागली. गुरं मागून रेटत होती.

येसूला हाक मारायची होती, पण तोंडातून आवाज फुटेना. ज्यांच्या कोकरांना तिने घोटभर पाणी दिलं नव्हतं, त्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं? शेवटी पाठीला धग लागली तेव्हा ती ओरडली, "मावशी, आम्ही अडकलोय."

पलीकडे मेंढपाळांनी धूर आधीच पाहिला होता. ते पालांतून धावत आले. फांद्या खाली ओढायच्या आकड्या लावून त्यांनी कुंपण आपल्या बाजूला खेचलं. ज्यांच्याकडे आकड्या नव्हत्या त्यांनी हात घातले. भगदाड पडताच लगमाबाईने एकेका मुलाला काखेत धरून पलीकडे घेतलं. मग गुरं बाहेर आली. येसू शेवटी आली.

आग कुंपणापर्यंत आली, कुंपण पेटलं आणि तिथेच आग थांबली. खिंडीपलीकडे जळायला काही नव्हतं. मेंढरांनी उतारावरची काडी न् काडी खाल्ली होती.

मुलांना पालांत बसवून मेंढपाळ जळलेल्या माळावरून खाली धावले आणि गावकऱ्यांबरोबर आग झोडपायला लागले. दिवस मावळेपर्यंत आग विझली. जीव कुणाचा गेला नाही. पण खालच्या आळीचे गोठे जळून बसले आणि वर्षभर राखलेलं गवत एका दुपारी संपलं.

दुसऱ्या दिवशी चावडीवर सभा भरली. सगळ्यांचे डोळे लाल होते. कुणीतरी म्हणालं, "ही आग त्या मेंढपाळांनीच लावली असणार. आपण अडवलं त्याचा राग."

दुसरा म्हणाला, "म्हणून तर त्यांच्या पालांना झळ लागली नाही."

बोलता बोलता आवाज वाढले. पाटील म्हणाले, "असं असेल तर त्यांना आजच्या आज डोंगरापलीकडे घालवू. पुन्हा या बाजूला पाय ठेवायचा नाही."

येसूचे आबा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. त्यांच्या भुवया जळाल्या होत्या आणि चेहरा काळवंडला होता. येसू त्यांच्याकडे बघत होती. आदल्या दिवसापासून दोघं एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते. ती बोलली तर गाव आबांना काय म्हणेल? ज्यांचे गोठे जळाले ते उद्या दारात येऊन उभे राहतील. आणि ती गप्प राहिली, तर कुणालाच काही कळणार नव्हतं.

तिचे हात फडक्यात बांधलेले होते. ती उभी राहिली.

"आग मेंढपाळांनी लावली नाही. मी वरून पाहिली. ती बांधावरून आली."

पाटलांनी विचारलं, "कुणाच्या बांधावरून?"

येसूने आबांकडे पाहिलं. "आमच्या."

कोपऱ्यातून आबा उठले. त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं. "पोर खरं बोलतेय," ते म्हणाले. "तण पेटवलं होतं. वाऱ्याने आग हातातून सुटली. कालपासून सांगायचं म्हणतोय, जीभ उचलत नव्हती."

लोक चिडले. पण मथुराआक्का पुढे आल्या आणि म्हणाल्या, "तण तर आपण सगळेच पेटवतो. यांनीही दरवर्षी पेटवलं, कधी माळ जळला नाही. औंदाच का जळला, ते बघा की. तेवढं गवत कधी उभं राहिलं होतं का?"

मेंढरांनी चरून मोकळ्या केलेल्या उतारापाशी आग थांबली, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

आक्का मुलांकडे वळल्या. "माझंही चुकलं. किती घ्यायचं ते मी तुम्हाला शिकवलं. पण ते कुणाकुणाला बरोबर घेऊन ठरवायचं, ते शिकवायचं राहिलं. आणि सभेत मनात आलं होतं, तेही बोलले नाही."

येसूने विचारलं, "आक्का, आता काय करायचं?"

"जे तेव्हा करायला हवं होतं ते."

येसू आणि तिच्या बरोबरची मुलं उतारावर गेली. लगमाबाई काट्यांनी ओरखडलेल्या हाताला हळद लावत बसली होती. येसू म्हणाली, "मावशी, सभा आहे. तुम्ही याल का?"

लगमाबाईने लगेच होकार दिला नाही. "माझी कोकरं मेली, येसू."

"माहीत आहे."

"ती परत यायची नाहीत."

"नाही यायची," येसू म्हणाली. ती तिथेच तिच्याजवळ खाली बसली. बऱ्याच वेळाने लगमाबाई उठली आणि आपल्या माणसांना हाक मारली.

त्या सभेत पहिल्यांदाच मेंढपाळ चावडीवर बसले. बोलणी सरळ झाली नाहीत. भांडणं झाली, जुनी उणीदुणी निघाली. पण उठण्याआधी काही गोष्टी ठरल्या. कुठलं गवत कापायचं, कुठल्या पट्ट्यात मेंढरं आधी चारायची, गोठ्यांभोवतीची जागा कुणी मोकळी ठेवायची, तळ्यावर कुणी कधी यायचं. आणि दरवर्षी पावसाळा संपला की गाव आणि मेंढपाळ दोघांनी बसून हे पुन्हा ठरवायचं, मुलांनाही त्यात घ्यायचं, असं पाटलांनीच सुचवलं. आबांनी जळालेले गोठे बांधायला दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. त्यांच्या मदतीला मेंढपाळही आले.

तो उन्हाळा फार कठीण गेला. काही गुरं दूरच्या पाहुण्यांकडे पाठवावी लागली. पुढचा पाऊस कसा होईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि येसू अजूनही सकाळी उठली की आधी आभाळ बघायची. फक्त आता ती एकटी बघत नसे. तळ्यावर कोकरांना घेऊन आलेली लगमाबाई तिच्या शेजारी उभी राहायची आणि विचारायची, "काय वाटतंय गं, येईल का?"

"बघू या, मावशी," येसू म्हणायची.

तात्पर्य एवढंच, की जे सगळ्यांचं आहे ते काहींना बाहेर ठेवून राखता येत नाही. उद्यासाठी काही टिकवायचं असेल, तर ज्यांचं जगणं त्यावर आहे त्या प्रत्येकाला आजच शेजारी बसवून घ्यावं लागतं.