कोष्ट्याच्या राहीनं सांधलेली कडी

आपल्या पणज्यांनी त्यांच्या पणज्यांकडून ऐकलेली ही गोष्ट आहे. सावरखिंडीत तेव्हा एकच आड होता आणि उन्हाळा लागला की तोही तळ दाखवायचा. टेकडीच्या उतारावर घरं होती, खालच्या अंगाला कोष्ट्यांची आळी होती, आणि गावाबाहेर चिंचेखाली लिंबाजी लोहाराचा भाता चालायचा. ज्याच्या घरचं काम त्यानंच करावं, अशी त्या काळची रीत. कोष्ट्याच्या पोरीनं मागावर बसायचं आणि लोहाराच्या पोरानं घण उचलायचा. पण म्हाळू कोष्ट्याची राही निराळीच निघाली, असं म्हणतात.

झालं असं, की म्हाळूच्या धोट्याचं लोखंडी टोक मोडलं. मागावर सूत इकडून तिकडं नेणारा तो लाकडी धोटा घेऊन राही लिंबाजीकडं गेली. लिंबाजीनं भट्टीतून लोखंडाचा तुकडा काढला, तो पळसाच्या फुलासारखा पेटलेला होता. त्यानं हातोडा मारला तशा ठिणग्या उडाल्या आणि काळं, आडमुठं लोखंड मेणासारखं वळलं. राही बघतच राहिली. टोक बसलं, धोटा तयार झाला, पण पोरगी काही हलेना.

"काय गं, घरी जायचं नाही का?" लिंबाजीनं विचारलं.

"मला शिकवता का, काका?"

"तुला कशाला? तुमच्या घरात माग आहे की."

"मागावर मी बसतेच. हे मला हौस म्हणून पाहिजे."

लिंबाजी हसला. त्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं तिच्या हातात भात्याची दोरी दिली आणि म्हणाला, "ओढ. कंटाळलीस की घरी जा." त्याला वाटलं, पोर दुपारपर्यंत पळून जाईल. पण राही दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, आणि मग येतच राहिली.

पहिले कितीतरी दिवस तिनं नुसता भाता ओढला. मग लिंबाजीनं तिला पदर घट्ट खोचायला लावला, केस बांधायला लावले आणि हलका हातोडा दिला. "लालपणा गेला म्हणजे लोखंड निवलं असं समजू नकोस," त्यानं सांगितलं. तरी राहीनं ऐरणीवरचा काळा दिसणारा तुकडा उचललाच. बोटं अशी भाजली, की मागावर बसताना सूत लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं. तिनं घरी सांगितलं, चुलीवर भाजलं. आईनं ओळखलं आणि बोटांना लोणी लावलं. चूल तर आईच पेटवायची.

तिनं पहिला चिमटा केला तो इतका वाकडा, की त्यात निखारा धरायचा नाही. दुसरा जळाला. तिसरा मधोमध तडकला, कारण लोखंड थंड झालं तरी ती ठोकतच राहिली होती. आळीतल्या बाया हसायच्या. "आली हौशी लोहारीण," म्हणायच्या. म्हाळू तर चिडायचाच. "आपण सूत जोडणारी माणसं," तो म्हणायचा, "तुझे हात खरखरीत झाले तर रेशीम अडकेल." राही रोज रात्री हातांना तेल चोळायची, सकाळी माग चालवायची आणि दुपारी भात्यावर जायची. रेशीम कधी अडकलं नाही, असं म्हणतात.

सगळ्यात अवघड काम होतं सांध्याचं, म्हणजे लोखंडाला लोखंड जोडायचं. लिंबाजी सांगायचा, "लाल झालं की वाकतं. पिवळं झालं की पसरतं. पांढरं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या फुटायला लागल्या, की सांधतं. त्याच्या पुढं गेलं की जळून जातं. तेवढ्यात मळ सुटावा म्हणून बारीक वाळू टाकायची, बाहेर काढायचं आणि हलक्या हातानं, पण झपाट्यानं ठोकायचं. आणि कान उघडे ठेवायचे. सांधा लागला का नाही, ते आवाज सांगतो." राहीनं खिळे सांधले, विळ्याच्या मुठीची कडी सांधली. जाड लोखंड मात्र तिच्या हातून कधी जुळलं नव्हतं.

मग एक वर्ष असं आलं, की आडाचा तळच फाटला. गावानं टेकडीच्या पायथ्याला नवी विहीर खणायला घेतली. माती गेली, मुरूम गेला, खाली काळा पाषाण लागला. वडार मंडळी फोडायची आणि वरची माणसं रहाटाला लावलेल्या लोखंडी साखळीनं धोंडे ओढून काढायची. एके दिवशी अंगणाएवढा धोंडा सुटला. साखळी त्याला नीट बसली का बघायला लिंबाजी स्वतः खाली उतरला. खालून त्यानं हाक दिली, वरून माणसांनी जोर लावला, धोंडा निम्म्यावर आला आणि साखळीची झिजलेली एक कडी फुटली.

धोंडा खाली आपटला नाही. विहिरीच्या अरुंद अंगाला तो आडवा अडकून बसला, बुचासारखा. खाली लिंबाजी आणि वडार कोंडले गेले. धोंड्याच्या कडेला हात जाईल एवढी फट उरली होती. त्या फटीतून आवाज आला, "पाणी लागलंय! झरा फुटलाय!"

ज्या पाण्यासाठी सगळं गाव देवाला हात जोडत होतं, ते आलं आणि असं आलं.

धोंड्याला वेढलेली साखळी शाबूत होती. तिचं तुटकं टोक दोरानं वर ओढून घेतलं. दोन्ही टोकं दोरानं बांधून माणसांनी ताण दिला, तर दोर खडकाच्या कंगोऱ्यावर घासून तुटला आणि धोंडा वीतभर आणखी खाली सरकला. खालून आरोळी उठली. कडी सांधल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आणि गावातला एकच लोहार त्या धोंड्याखाली होता.

तेव्हा राही पुढं झाली. "ऐरण इथं आणा," ती म्हणाली. कुणी हललं नाही. एक म्हातारा म्हणाला, "अगं, हा पोरखेळ आहे का?" राहीला माहीत होतं, असली जाड कडी तिनं कधी सांधली नाही. पण ती परत म्हणाली, "ऐरण आणा. भाता आणा. काका खाली आहेत."

पहिला कोण उठला असेल? म्हाळू. तो धावत चिंचेखाली गेला आणि ऐरणीला हात घातला. मग मागून माणसं गेली. विहिरीच्या काठावर दगड रचून भट्टी केली. लिंबाजीकडचा कोळसा पुरेना, तेव्हा एरवी हसणाऱ्या बायांनी आपापल्या चुलींतला कोळसा पदरात घालून आणला. म्हाळूनं भात्याची दोरी धरली आणि लेकीला म्हणाला, "तू सांगशील तेव्हा ओढतो, तू सांगशील तेव्हा थांबतो."

राहीनं पहारीचा तुकडा तापवून वळवला, साखळी पुन्हा वर ओढून घेऊन तिच्या दोन्ही टोकांत ओवला आणि तोंडं जुळवून भट्टीत धरला. लाल झाला, पिवळा झाला. तिनं वाळू टाकली, बाहेर काढला आणि ठोकला. आवाज आला बद्द. फटीतून लिंबाजी ओरडला, "नाही लागला! घाई केलीस! परत तापव!"

"पाणी कुठवर आलं, काका?"

"पाण्याकडं बघू नकोस. रंगाकडं बघ!"

राहीनं कडी परत भट्टीत धरली. म्हाळू भाता ओढत होता, घामानं निथळत होता. लोखंड पिवळं झालं, तसे सगळे म्हणाले, काढ. तिनं काढलं नाही. खालून आता कुणाचा शब्द येत नव्हता. लोखंड पांढरं झालं. आणि मग ठिणग्या फुलल्या. त्या एवढ्या उंच गेल्या, की पलीकडच्या डोंगरावरच्या धनगरांना भरदिवसा चांदण्या दिसल्या, असं म्हणतात. राहीनं "थांब" म्हटलं, कडी ऐरणीवर घेतली आणि ठोकायला लागली. हलक्या हातानं, झपाट्यानं. बद्द आवाज हळूहळू उघडला, खणखणीत झाला, घंटेसारखा विहिरीत घुमला.

खाली गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या लिंबाजीनं डोळे मिटून तो आवाज ऐकला आणि सगळा जीव एकवटून ओरडला, "लागला सांधा! ओढा!"

गावानं ओढलं. बाया-बापडे, म्हातारेकोतारे सगळ्यांनी साखळी धरली. रहाट करकरला, साखळी ताणली, पण कडी काही सुटली नाही. धोंडा वर आला आणि त्याच्या मागोमाग माणसं वर आली. सगळीच्या सगळी. लिंबाजी काठावर बसला, दम घेतला आणि पहिल्यांदा ती कडी हातात घेऊन फिरवून फिरवून बघितली. मग त्यानं आपला हातोडा राहीच्या पायाशी ठेवला. राहीनं घाईनं तो उचलला, कारण गुरूनं पायाशी काही ठेवावं हे तिला सोसलं नाही. म्हाळू मात्र रडत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "माझी लेक आहे. माझी."

राही पुढं खूप वर्षं जगली. दूरदूरची माणसं तुटलेलं लोखंड घेऊन तिच्याकडं यायची. तिनं सांधलेलं पुन्हा तुटलं असं कुणी कधी ऐकलं नाही. तुम्ही लोहाराच्या का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी कोष्ट्याची. ही माझी हौस." साड्याही तिनं शेवटपर्यंत विणल्या. लोक तिला राहीमाय म्हणायला लागले. ती कडी अजून विहिरीच्या काठावर आहे आणि इतक्या पावसाळ्यांत तिला गंज चढलेला नाही, असं म्हणतात.

आजही सावरखिंडीत दर वैशाखात, विहिरीतला गाळ काढून झाला की काठावर भट्टी पेटते. ज्या पोरापोरीला हौस असेल, त्यानं यावं. घर कुणाचं, आळी कुठली, कुणी पुसत नाही. म्हातारी माणसं भट्टीकडं पाठ करून, डोळे मिटून बसतात आणि नुसता आवाज ऐकतात. खणखणीत वाजलं की एका सुरात म्हणतात, "लागला सांधा!" आणि सगळं गाव टाळ्या पिटतं. बद्द वाजलं तर कुणी हसत नाही. ते पोर लोखंड परत भट्टीत धरतं, आणि त्याच्यासाठी भाता ओढायला त्याचा बाप उठतो.